डोक्यावरची आवणी

एरवी या सदराच्या वाट्याला एकच पान येते. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात, म्हणून यंदा मुद्दाम असा विषय घेतला आहे की जो घरोघरी आहे, पण चारचौघांत कोणी काढत नाही. विषय केसांचा आहे. खरे म्हणजे नसलेल्या केसांचा.

आपल्या भाषेने केसाला केवढा मान दिला आहे पाहा. एखाद्याला अभय द्यायचे तर 'तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही' असे आपण म्हणतो. विश्वासघात झाला तर 'केसाने गळा कापला' म्हणतो. वडीलधाऱ्यांना आपला अनुभव पुढे करायचा असला म्हणजे त्यांचे केस उन्हाने पांढरे झालेले नसतात. टकलाच्या वाट्याला मात्र 'अक्कल' हे एवढे एक यमक आले, आणि तेही थट्टेचे!

आमच्या आजोबांच्या पिढीला ही थट्टा फारशी जाचली नसावी. पागोटे, पगडी, नाहीतर काळी टोपी डोक्यावर असल्याखेरीज माणूस उंबरठा ओलांडीत नसे. खाली काय आहे आणि काय नाही, ते घरच्यांना आणि न्हाव्याला ठाऊक. पुढे टोपी खुंटीवर गेली, डोके उघडे पडले, आणि कपाळ वर कुठवर पोहोचले याचा हिशेब सगळ्या आळीला दिसू लागला. आता तर वधूवरांच्या फोटोत तो आधी दिसतो आणि पगार मागाहून!

साहजिकच त्यावर इलाज निघाला. केशरोपण, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले हेअर ट्रान्सप्लांट, आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. बसच्या पाठीवर त्याच्या जाहिराती असतात. जाहिरातीत दोन चित्रे असतात. डावीकडे ओसाड माळ, उजवीकडे घनदाट अरण्य, आणि दोहोंच्या मध्ये बोटभर कोरी जागा. वाचकहो, या बोटभर जागेत बारा महिने बसलेले असतात. ते कसे जातात हे जाहिरात सांगत नाही. म्हणून आजचा लेख त्या कोऱ्या जागेविषयी.

आधी थोडा इतिहास. एका जागची कातडी दुसऱ्या जागी नेऊन जगवण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्याच्या परिसरातील एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी ती डोळे विस्फारून वाचली. केसांच्या बाबतीत पहिले मोठे काम जपानचे. तेथील डॉक्टर शोजी ओकुदा यांनी जखमेने किंवा भाजल्याने केस गेलेल्या जागी केसांसह त्वचेचे बारीक तुकडे रोवल्याचे १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. पण लगेच महायुद्ध पेटले आणि ते काम पश्चिमेकडच्यांच्या दृष्टीआड राहिले. पुढे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर हा प्रयोग केला. त्यावरचा त्यांचा निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या निबंधातले मर्म ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डोक्याच्या मागचा पट्टा आणि कानांच्या बाजू येथील केस बहुधा शेवटपर्यंत टिकतात. पुढचे आणि टाळूवरचे केस शरीरातल्या एका संप्रेरकाच्या प्रभावाने बारीक होत होत नाहीसे होतात. ओरेंट्राइक यांनी दाखवले ते असे की, मागचा केस मुळासकट काढून पुढे लावला, तरी तो आपला मूळचा स्वभाव सोडत नाही. माहेरचे वळण सासरीही टिकते म्हणतात, तसेच हे.

यातून दुसरी गोष्ट ओघानेच येते. केशरोपणात नवा केस निर्माण होत नाही. आहे तोच केस मागून पुढे येतो. पुंजी तेवढीच राहते, फक्त तिची वाटणी बदलते. मागचा साठाही अमर्याद नसतो. एकदा काढलेले मूळ त्या जागी पुन्हा उगवत नाही. म्हणून चांगला डॉक्टर आधी मागचा साठा पाहतो आणि मग पुढचे बोलतो.

पूर्वी केसांचे मोठे झुबके रोवीत आणि डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. आता एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका एकेक करून लावतात. मागची मुळे काढण्याच्या दोन रीती आहेत. एकीत कातडीची पट्टी काढून टाके घालतात. तिथे एक रेघ कायमची राहते, पण वरच्या केसांत ती झाकते. दुसरीत मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक छिद्रांतून एकेक पुंजका उचलतात. तिथे बारीक ठिपके राहतात. दोन्हींत जागा बधिर करतात, रोगी जागा असतो, आणि काम सहा-आठ तास चालते. संध्याकाळी तो घरी येतो. तिथून पुढची कथा घरच्यांची.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात हे करून घेतले. वय एकतीस, चाकणच्या कारखान्यात इंजिनियर. दिवाळीनंतर मुली पाहायच्या असे आमच्या ताईने ठरवले होते. तेव्हा दिवाळीपर्यंत सगळे डोके भरून येईल असा त्याने आपल्या मनाशी हिशेब केला. हा हिशेब त्याला कोणी सांगितला नव्हता. त्याने जाहिरातीतली दोन चित्रे पाहिली होती, आणि मधली कोरी जागा स्वतःच भरून काढली होती.

पहिले दहा दिवस शिस्तीचे. रात्री डोके उंच ठेवून, उताणे निजायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ सुजते आणि ती सूज उतरत डोळ्यांवर येते. आमच्या ताईने त्याचे तोंड पाहून रडायला सुरुवात केली होती. पण ही सूज अपेक्षितच असते आणि बहुतेकांची आठवड्याच्या आत ओसरते. लावलेल्या प्रत्येक जागी बारीक खपली धरते. खाज सुटते, पण नख लावायचे नाही. या दिवसांत ओढले गेलेले मूळ रक्तासकट निघून येते आणि ते परत मिळत नाही. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, ते सांगतील त्याच पद्धतीने हलकेच पाणी सोडून धुवायचे. साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत मुळे घट्ट धरतात आणि दोन आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. तोवर हेल्मेट नको, अर्थात स्कूटरही नको. विडी-सिगारेट आणि दारू बंद. तंबाखूच्या धुराने रक्तपुरवठा आखडतो, आणि नव्या मुळाला त्याचीच तर गरज असते. ऊन, पोहणे, तालीम ही काही आठवडे लांब ठेवायची.

आणि हो, तेलाची बाटलीही! आमच्या ताईने खोबरेल, माका आणि हिरडा घालून उकळलेले तेल तिसऱ्या दिवशीच पुढे आणले होते. मायेने डोक्यावर फिरणारा हात ही जगातली उत्तम गोष्ट आहे, परंतु त्या पंधरवड्यात तिच्याइतकी घातक गोष्ट दुसरी नाही.

दोन आठवड्यांनी स्वारी खुशीत होती. लावलेले केस खुंटासारखे उभे होते, कपाळावर रेघ आली होती. आरशापुढे मुक्काम वाढला. मग तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसू लागले, आणि पाचव्यापर्यंत लावलेले जवळजवळ सगळे गळून गेले. एवढेच नव्हे, तर आसपासचे जुनेही काही गेले. पूर्वीपेक्षा डोके उजाड दिसू लागले. जेवणावरची वासना उडाली, मित्रांचे फोन घेणे बंद झाले. त्यातच दुसऱ्या एका ठिकाणच्या माणसाने फोनवर सांगितले की, पहिले काम वाया गेले आहे, आमच्याकडे पुन्हा करून घ्या, पैसे हप्त्याने द्या. भाच्याने कर्जाची चौकशीही सुरू केली.

अशा मनःस्थितीत जुलैच्या मध्यावर मी त्याला आहुप्याला घेऊन गेलो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, मंचर, घोडेगाव, डिंभे धरण करीत गेले की, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर हे गाव आहे. पुढे रस्ताच संपतो. आहुपे घाटाची पायवाट मुरबाडकडे कोकणात उतरते. भैरवनाथाची देवराई आहे, हिरड्याची झाडे आहेत, पावसात धुके असे की पुढचा माणूस दिसू नये. माझा एक जुना विद्यार्थी तिथला. त्याच्या घरची भाताची लावणी चालली होती. त्या खोऱ्यात लावणीला 'आवणी' म्हणतात. शब्द कानाला गोड लागला म्हणून मी तो टिपूनही घेतला.

खाचरांच्या बांधावर आम्ही उभे होतो. एका खाचरात त्याच दिवशी चिखलणी करून रोपे लावली जात होती. शेजारच्या खाचरात चार दिवसांपूर्वी लावलेली रोपे होती. ती पिवळी पडली होती आणि माना टाकून पाण्यावर आडवी झाली होती. भाच्याने ती पाहिली आणि माझ्या विद्यार्थ्याच्या आईला विचारले, "आजी, ही मेली का हो?"

म्हातारी कमरेत वाकलेलीच होती. मान वर न करता म्हणाली, "मरतील कशाला? जागची हलवली न्हवं त्यांना. मूळ धरूस्तोवर अशीच दिसायची."

मग तिने वर पाहिले. "टोपी पार भिजली की रं लेकरा. काढून पीळ."

सहा आठवड्यांत कोणापुढे न काढलेली टोपी त्याने काढली. म्हातारी डोक्याकडे जरा वेळ पाहत राहिली. "काय लागलं का काय डोक्याला?"

"नाही आजी," भाचा म्हणाला, "आवणी केलीय."

तिला उमजायला थोडा वेळ लागला. उमजले तेव्हा ती हातातली मूठ चिखलात टाकून खोकला येईपर्यंत हसली. बांधावरच्या साऱ्या बाया हसल्या. आणि महिन्याभरात पहिल्यांदाच आमचे चिरंजीवही हसले.

आता मास्तरकी केल्याशिवाय मला राहवत नाही. उपमा कितीही नेमकी असली तरी कुठेतरी लंगडते. भाताचे रोप पिवळे पडते, पण तेच रोप पुन्हा हिरवे होते. केसाचे तसे नाही. लावलेला केस खरोखरच गळतो; राहते ते त्याचे मूळ. त्याहून जवळची उपमा त्याच डोंगरात आहे. रानहळदीची पाने पावसाळा सरला की सुकून नाहीशी होतात. उन्हाळ्यात तिथे काही होते अशी शंकाही येत नाही. पण जमिनीखाली कंद शाबूत असतो आणि पहिल्या सरींबरोबर तो पुन्हा पान वर काढतो.

केसाचे मूळ असेच पाळीपाळीने जागते आणि निजते. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि मूळ सुमारे तीन महिने विश्रांती घेते. आपल्या डोक्यावर लाखभर केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतात, ते याच पाळीमुळे. एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावल्याचा धक्का बसला की, बहुतेक सगळी मुळे एकदम विश्रांतीला जातात. वरचा केस सोडून देतात आणि खाली निजून राहतात. आसपासच्या जुन्या केसांनाही हाच धक्का बसतो. त्यांतले बहुतेक पुढे परत येतात. म्हणजे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यातली ही गळती बिघाडाची खूण नाही. ती कामाचाच एक भाग आहे. भाच्याच्या डॉक्टरांनी ही माहिती कागदावर छापून दिली होती. पण छापील कागद आणि उशीवरचे केस यांत माणूस उशीवर विश्वास ठेवतो! आहुप्याहून परतल्यावर तो डॉक्टरांना जाऊन भेटला आणि कर्जाची चौकशी थांबली.

पुढचे महिने असे. तिसरा महिना संपेपर्यंत बहुधा काहीच दिसत नाही, आणि हाच काळ सर्वांत कठीण. मागच्या बाजूला कातडी बधिर वाटते. काही आठवडे, क्वचित काही महिनेही. नवा केस कातडी फोडू लागला की कुठे कुठे पुटकुळ्या येतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, मऊ, कधी कुरळे असे केस दिसू लागतात. ते सगळीकडे सारखे येत नाहीत. एक बाजू पुढे, एक मागे, असे चालते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्याहून घाई त्याला माहीत नाही. सहाव्या महिन्याला साधारण निम्मे काम दिसते. नवव्या महिन्यात केस जाड होऊ लागतात. बाराव्या महिन्यात निकाल कळतो, आणि टाळूच्या मागच्या भोवऱ्याला तर पंधरा ते अठरा महिनेही लागतात. भाताचे पीक दिवाळीला घरात येते. या पिकाला दोन दिवाळ्या पाहाव्या लागतात.

भाच्याची दिवाळी पाचव्या महिन्यात आली. डोके अर्धवटच होते. मुलीच्या घरी जायच्या आदल्या रात्री ताई म्हणाली, "तारीख पुढे ढकलू या." तो म्हणाला, "नको. आहे ते सांगतो." आणि त्याने चहाच्या आधी सांगितले. त्या ठिकाणी काही जुळले नाही; पत्रिकेचे कारण आले. खरे कारण कोणते, ते मला ठाऊक नाही. पण सांगून आल्यापासून त्याने घरात टोपी घालणे सोडले, हे मी पाहिले. यंदाच्या जूनमध्ये वर्ष झाले. केस आले आहेत. पंचविशीतले नव्हेत, एकतिशीच्या माणसाला शोभतील इतके.

काही गोष्टी मात्र वाट पाहण्याच्या नव्हेत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्याच्या आहेत. ताप, पू, कमी होण्याऐवजी वाढणारे दुखणे, पसरणारी लाली, कातडी काळी पडणे, दाबूनही न थांबणारे रक्त, अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजून श्वास लागणे. यांतले शेवटचे दिसले तर मिनिटेही घालवू नयेत. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचा केशरोपणानंतर मृत्यू झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून या धोक्याची बरीच चर्चा झाली. ही शस्त्रक्रिया आहे, हजामत नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये याविषयी सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच हे काम करावे, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा डॉक्टरांची पदवी विचारायला भिडस्तपणा नको. सुई प्रत्यक्ष कोणाच्या हातात असेल आणि अडचण आली तर तिथे काय सोय आहे, तेही विचारावे. भाजीवाल्याला आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

आणखी एक. लावलेले केस टिकतात, पण आजूबाजूचे जुने केस आपल्या स्वभावाप्रमाणे गळतच राहतात. ते राखण्यासाठी डॉक्टर मिनॉक्सिडिलचे पाणी किंवा फिनास्टराइडची गोळी देतात. ही औषधे सोडली की त्यांचा गुणही ओसरतो, आणि त्यांचे दुष्परिणामही असू शकतात. म्हणून मित्राच्या सल्ल्याने ती घेऊ नयेत. म्हणूनच विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाने घाई करू नये. टक्कल कुठवर जाणार हे ठरायच्या आत पुढे रोपे लावली, तर पुढची रांग हिरवी आणि मधले रान मोकळे, अशी स्थिती व्हायची. बायकांचे केस विरळ होण्याची कारणे तर पुष्कळदा वेगळी असतात. रक्ताची कमतरता, थायरॉइड, बाळंतपण. तिथे आधी कारण शोधायचे.

ज्यांच्या घरी हे झाले आहे किंवा व्हायचे आहे त्यांना, त्यातही आया-बहिणींना, एवढेच सांगणे. पहिल्या दिवशी एक फोटो काढून ठेवा आणि मग महिन्यातून एकदाच, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात दुसरा काढा. रोज उशी झाडून केस मोजू नका. आणि यंदा फराळाला आलेला कोणी पुतण्या, मेहुणा टोपी घालून बसला असेल, तर त्याला 'कुठवर आले रे?' असे विचारू नका. त्याच्यापुढे चकल्यांची ताटली सरकवा आणि दुसरे काहीतरी बोला.